देशाचे इंटरनेट आणि त्याचे दफ्तर

30 मार्च 2010 रोजी इंटरनेटच्या मूळ नोंदवहीतून '.वाययू' हे डोमेन काढून टाकण्यात आले. युगोस्लाव्हियाला 1989 मध्ये मिळालेली ही खूण त्या देशाहून अधिक जगली. 1991-92 मध्ये संघराज्य फुटले तेव्हा या डोमेनचा कारभार स्लोव्हेनियातून चालत होता, आणि फुटून निघणाऱ्यांत स्लोव्हेनिया पहिल्या रांगेत होता. 1994 मध्ये कारभार बेलग्रेड विद्यापीठाकडे आला. उरलेल्या देशाने 2003 मध्ये 'सर्बिया आणि माँटेनेग्रो' हे नाव घेतले, 2006 मध्ये माँटेनेग्रोही वेगळा झाला, 2007 मध्ये '.आरएस' आणि '.एमई' ही दोन नवी डोमेने मिळाली आणि जुन्याला गाशा गुंडाळण्यासाठी मुदत देण्यात आली. ती मुदत संपल्यावर '.वाययू' या अक्षरांनी संपणारा कोणताही पत्ता ब्राउझरला सापडेनासा झाला. सर्व्हर चालू असो, फाइली जागच्या जागी असोत, काही उपयोग नव्हता. 1999 ची नाटोची बॉम्बफेक, ऑक्टोबर 2000 मध्ये राष्ट्राध्यक्ष मिलोशेविच यांची गेलेली सत्ता, अशा दिवसांत त्या पत्त्यांवर जे लिहिले गेले ते वाचायचे तर आता एकच वाट उरली होती: कोणीतरी वेळीच साठवून ठेवलेल्या प्रती. एखाद्या देशाच्या इंटरनेटचा इतिहास वेब-संग्रहांच्या आधारे कसा लिहायचा, हा या प्रस्तावनेचा विषय आहे. युगोस्लाव्हियाचे उदाहरण आरंभी घेण्याचे कारण असे की, इतर देशांत झाकून राहणाऱ्या अडचणी इथे उघड्यावर आल्या आहेत.

इस्रायली अभ्यासक अनात बेन-डेव्हिड यांनी नेमके हेच काम हाती घेतले आणि 2016 मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. पहिली अडचण पत्त्यांचीच होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इंटरनेट अर्काइव्ह' या संस्थेच्या संग्रहातून जुने पान काढायचे तर त्याचा पूर्ण पत्ता हाताशी लागतो, आणि डोमेन पुसले गेल्यावर पत्त्यांची अशी यादी जिवंत वेबवर उरत नाही. बेन-डेव्हिड यांनी डोमेन पुसले जाण्याआधी टिपून ठेवलेल्या चार वेगवेगळ्या याद्या मिळवल्या, त्यांतल्या पत्त्यांच्या साठवलेल्या प्रती संगणकाकरवी शोधल्या आणि त्या प्रतींतल्या दुव्यांवरून आजूबाजूच्या संकेतस्थळांचे जाळे पुन्हा मांडून पाहिले. बराच मोठा भाग हाती लागला. पण जे जाळे उभे राहिले ते प्रामुख्याने सर्बियन होते. याचे कारण काळाच्या हिशेबात आहे. इंटरनेट अर्काइव्हचे साठवण्याचे काम 1996 मध्ये सुरू झाले. तोवर स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया आपापली डोमेने घेऊन मोकळे झाले होते. सगळ्यांचा मिळून असलेला युगोस्लाव्हिया या संग्रहाने कधी पाहिलाच नव्हता. ज्या कोसोव्होला आजही आंतरराष्ट्रीय मानक यादीत स्वतःचा देश-संकेत नाही, त्याच्यासाठी तर डोमेननुसार लावलेल्या कप्प्यांत कप्पाच नाही. एवढी माहिती नसलेला अभ्यासक तेच जाळे पाहून असा निष्कर्ष काढील की, युगोस्लाव्हियाचे इंटरनेट म्हणजे सर्बियाचे इंटरनेट. पुरावा खरा, मोजणी बरोबर आणि निष्कर्ष चुकीचा, असा हा प्रकार झाला असता.

यातून निघणारा मुद्दा सरळ आहे, आणि पुढचे सगळे विवेचन त्याच्याभोवती आहे. वेब-संग्रह हा देशाच्या इंटरनेटचा आरसा नसतो. तो कोणी, कधी, कोणत्या कायद्याने, कोणत्या यंत्राने आणि कोणती हद्द धरून गोळा केला, या निर्णयांचा तो परिणाम असतो. म्हणून ज्याला देशाच्या इंटरनेटचा इतिहास लिहायचा आहे त्याने आधी संग्रहाचा इतिहास लिहिला पाहिजे. मराठी वाचकाला हा विचार परका वाटू नये. वि. का. राजवाडे यांनी 1898 मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला तेव्हा त्याच्या लांबलचक प्रस्तावनेत त्यांनी बखरी आणि अस्सल पत्रे यांतला भेद हिरिरीने मांडला होता. पत्र त्या त्या दिवशी, त्या त्या कामासाठी लिहिलेले असते. बखर घटना होऊन गेल्यावर कोणाच्या तरी सांगण्यावरून रचलेली असते. साठवलेले वेबपान दिसायला अस्सल पत्रासारखे दिसते. त्याच्या माथ्यावर तारीख असते, मजकूर त्या काळचा असतो, चित्रेही त्या काळची वाटतात. तरी त्यात बखरीचा अंश असतो, कारण ते पान आपल्यासमोर येते ते नंतर जुळवून.

हे जुळवणे कसे होते ते थोडे पाहू. क्रॉलर नावाची संगणक-आज्ञावली पत्त्यांची सुरुवातीची यादी घेऊन निघते, एकेक पान उतरवून घेते, त्यातले दुवे टिपते आणि त्या दुव्यांमागे पुढे जाते. पानाचा मजकूर, चित्रे, मांडणीच्या फाइली हे सगळे वेगवेगळ्या क्षणी उतरते. पुढे कोणी ते पान उघडले की, संग्रहाची यंत्रणा जवळात जवळच्या तारखेचे तुकडे जोडून ते दाखवते. डेन्मार्कचे वेब-इतिहासकार निल्स ब्र्यूगर यांनी यासंबंधी दिलेले एक उदाहरण या क्षेत्रात सर्वांच्या परिचयाचे आहे. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकच्या वेळी ते एका डॅनिश वर्तमानपत्राचे संकेतस्थळ साठवत होते. मुखपृष्ठावर बातमी होती की, कमिला मार्टिन हिचा बॅडमिंटनचा अंतिम सामना अर्ध्या तासात सुरू होईल. मुखपृष्ठाची पातळी उतरून व्हायला सुमारे तास लागला. पुढच्या पातळीवरच्या ऑलिंपिक विभागात पोहोचेपर्यंत सामना संपून तिच्या पराभवाची बातमी लागलेली होती. साठवलेल्या प्रतीत मुखपृष्ठावर सामना व्हायचा आहे आणि आतल्या पानावर तो होऊन गेला आहे. असे संकेतस्थळ कोणत्याही वाचकाने, कोणत्याही क्षणी पाहिलेले नव्हते. एका संकेतस्थळाच्या बाबतीत एका तासाने एवढे घडते. अख्ख्या देशाचे वेब एकदा उतरवून घ्यायला आठवडे आणि महिने लागतात. 'अमुक वर्षीचे देशाचे वेब' असे आपण म्हणतो तेव्हा त्या वर्षातल्या निरनिराळ्या दिवसांचे तुकडे एका नावाखाली बांधलेले असतात.

काळाइतकीच हद्दीचीही अडचण आहे. देशाचे वेब म्हणजे कोणते? ज्या देशांनी यासाठी कायदे केले त्यांनाही या प्रश्नाचे एकच उत्तर सापडलेले नाही. डेन्मार्कमध्ये 1 जुलै 2005 पासून अमलात आलेल्या कायद्याने पुस्तकांप्रमाणे वेबपानेही राष्ट्रीय ठेव ठरली. तिथल्या संग्रहाने तीन पद्धती एकत्र चालवल्या: वर्षातून चार वेळांपर्यंत सगळ्या '.डीके' डोमेनचा सरसकट उपसा, वृत्तपत्रांसारख्या निवडक संकेतस्थळांची वारंवार साठवण, आणि निवडणुकीसारख्या घटनांसाठी खास मोहिमा. शिवाय '.डीके' बाहेरचे पण डॅनिश लोकांनी किंवा डॅनिश वाचकांसाठी लिहिलेले साहित्यही कायद्याच्या कक्षेत धरले, आणि ते शोधण्याचे काम कर्मचाऱ्यांवर सोपवले. आइसलँडने 2004 पासून आपले छोटेसे '.आयएस' पुरतेच्या पुरते उतरवून सर्वांना खुले ठेवले. ब्रिटनमध्ये संपूर्ण राष्ट्रीय वेब साठवण्याचा अधिकार ग्रंथालयांना 6 एप्रिल 2013 रोजी मिळाला, त्याआधीच्या '.यूके' पानांसाठी तिथले संशोधक इंटरनेट अर्काइव्हकडून मिळालेल्या साठ्यावर अवलंबून आहेत. फ्रान्समध्ये छापील पुस्तकांची ठेव 1537 पासून चालत आली आहे, आणि 2006 च्या कायद्याने तीत वेबची भर पडली. म्हणजे चार देशांत वेबची राष्ट्रीय हद्द चार प्रकारे आखली गेली आहे. डॅनिश वेब आणि ब्रिटिश वेब यांची संग्रहांतल्या आकड्यांवरून तुलना करायची तर आधी दोन कायद्यांची तुलना करावी लागते.

जिथे असा कायदा नाही तिथे जवळजवळ सगळा भार इंटरनेट अर्काइव्हवर पडतो. ब्रूस्टर केल यांनी 1996 मध्ये ही संस्था सुरू केली आणि ऑक्टोबर 2001 मध्ये 'वेबॅक मशीन' लोकांसाठी खुले केले. तिचे ऋण मान्य करूनच तिच्या मर्यादा सांगितल्या पाहिजेत. तिच्या आरंभीच्या वर्षांतली बहुतेक पाने 'अलेक्सा इंटरनेट' या कंपनीने आपल्या कामासाठी गोळा केलेली होती. दुव्यांमागे जाणारे यंत्र जिथे दुवे दाट तिथे पुन्हा पुन्हा पोहोचते आणि जिथे विरळ तिथे उशिरा पोहोचते किंवा पोहोचतच नाही. माइक थेलवॉल आणि लिवेन वॉन यांनी 2004 मध्ये अमेरिका, चीन, सिंगापूर आणि तैवान या चार देशांच्या संकेतस्थळांची या संग्रहातली हजेरी तपासली. तेव्हा ती देशागणिक असमान निघाली, आणि हा कल कोणी मुद्दाम आणलेला नव्हता. पुढे 2017 मध्ये स्कॉट हेल आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या प्रेक्षणीय स्थळांविषयीची एका मोठ्या प्रवास-संकेतस्थळावरची पाने संग्रहातल्या पानांशी ताडून पाहिली. जिवंत वेबवरच्या पानांपैकी सुमारे 24 टक्केच संग्रहात सापडली, आणि सापडलेल्यांत नावाजलेल्या, लोकांनी उचलून धरलेल्या स्थळांची पाने जास्त होती. एकाच शहराबद्दल, इंग्रजीत, इतक्या गजबजलेल्या जागी ही स्थिती असेल, तर कमी दुवे असलेल्या भाषांची आणि प्रदेशांची काय असेल याचा अंदाज बांधता येतो.

इथे पहिला आक्षेप समोर येतो. साधन इतके अपुरे आणि एकीकडे कललेले असेल तर त्यावर इतिहास उभा करायचाच कशाला? याचे एक उत्तर असे की, पूर्ण साधन इतिहासकाराला कधीच मिळत नाही. पुण्याचे पेशवे दफ्तर इंग्रजांनी राखले ते प्रामुख्याने जमिनी आणि इनामे यांचे हक्क ठरवण्यासाठी, त्यातून गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली 1930 च्या दशकात पंचेचाळीस खंड निघाले तेव्हा निवडीची दुसरी चाळणी लागली. तरी त्या दफ्तरावर मोलाचा इतिहास लिहिला गेला, कारण ते कोणत्या कामासाठी राखले गेले हे अभ्यासकांना ठाऊक होते. पण हे उत्तर पुरेसे नाही. कागदी दफ्तरात वाळवीने खाल्लेला रुमाल डोळ्यांना दिसतो, तुटलेला क्रम जाणवतो. वेब-संग्रहातली पोकळी दिसत नाही. यंत्र गेले नाही म्हणून पान नाही, मालकाने मनाई केली म्हणून नाही, की पान मुळात नव्हतेच, यातला फरक पडद्यावर कळत नाही. संकेतस्थळाचा मालक क्रॉलरला मज्जाव करणारी एक छोटी फाइल ठेवू शकतो. इंटरनेट अर्काइव्ह पूर्वी ही मनाई मागच्या प्रतींनाही लावत असे, त्यामुळे डोमेन दुसऱ्याने विकत घेऊन तशी फाइल ठेवली की, पहिल्या मालकाची सगळी जुनी पाने झाकली जात. या धोरणाचा फेरविचार संस्थेने 2017 मध्ये जाहीर केला. म्हणजे तोच संशोधक तोच प्रश्न घेऊन 2015 आणि 2020 मध्ये तोच संग्रह चाळील तर त्याला निराळे उत्तर मिळू शकते.

म्हणून या साधनाला स्वतःची शिस्त लागते, आणि ती अशक्य कोटीतली नाही. संग्रहात एकाच पानाच्या शेकडो प्रती असतात, तर दुसऱ्या पानाची एकही नसते. सरळ मोजणी केली तर आपण वेब मोजत नसून क्रॉलरच्या खेपा मोजत असतो. डॅनिश अभ्यासकांनी यासाठी दर वर्षी प्रत्येक संकेतस्थळाची एकच प्रत धरून वेगळा अभ्याससंच तयार केला आणि त्यावरच गणिते केली. दुसरी खबरदारी म्हणजे संग्रहाबाहेरचे साक्षीदार बोलावणे: डोमेन-नोंदणीचे आकडे, त्या काळच्या छापील निर्देशिका, वर्तमानपत्रांतल्या जाहिराती, कंपन्यांचे वार्षिक अहवाल, चालवणाऱ्यांच्या मुलाखती. तिसरी, संग्रहाच्या स्वतःच्या नोंदी वाचणे: मोहीम केव्हा निघाली, कोणती यादी घेऊन निघाली, कुठे थांबली. या तीन चाळण्यांतून गेल्यावर जे उरते त्यावर भरवसा ठेवता येतो, आणि जे उरत नाही त्याची कारणेही सांगता येतात. साधन कच्चे असणे हा दोष असतो तो त्याचा कच्चेपणा लपवला तरच.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. इंटरनेटला सीमा नाहीत, मग त्याचा देशवार इतिहास हा अट्टाहास नव्हे काय? बेलग्रेडचेच उदाहरण या आक्षेपाच्या बाजूने उभे करता येते. डिसेंबर 1996 मध्ये सरकारने 'बी 92' या नभोवाणी केंद्राचे प्रक्षेपण बंद पाडले, तेव्हा त्या केंद्राने आपल्या बातम्या ॲमस्टरडॅमच्या एका इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरवरून जगाला ऐकवल्या. सर्बियाच्या इंटरनेट-इतिहासातला सर्वांत गाजलेला प्रसंग हॉलंडमधल्या यंत्रावर घडला. '.वाययू' च्या गंजीच्या गंजी उपसूनही तो सापडायचा नाही. पण हाच प्रसंग उलटही वाचता येतो. प्रक्षेपण बंद करणारे सरकार सर्बियाचे होते, ऐकणारे आणि रस्त्यावर उतरलेले लोक तिथले होते, भाषा तिथली होती. सर्व्हर परदेशी असण्याला अर्थ आला तो देशातल्या सत्तेमुळे. कायदा, टेलिफोनच्या तारा, परवाने, दर, भाषा, शाळा हे सगळे देशाच्या चौकटीत असते, आणि लोक इंटरनेटवर कसे आले ते यांवरच ठरते. तेव्हा देश हा प्रश्न म्हणून हाती घ्यायला हरकत नाही. गृहीत म्हणून घ्यायला मात्र आहे. डोमेनच्या आत काय आहे हे जितके पाहायचे, तितकेच बाहेर काय गेले आणि का गेले हेही पाहायचे.

भारताच्या बाबतीत ही दृष्टी नसेल तर काय होईल ते दाखवता येते. '.इन' हे डोमेन 1989 पासून आहे. विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले. पण '.इन' ची नोंदणी 1 जानेवारी 2005 पर्यंत कडक अटींखाली होती आणि तोवर नोंदली गेलेली नावे काही हजारांच्या घरातच राहिली. त्या काळात नावारूपाला आलेली भारतीय संकेतस्थळे '.कॉम' वर होती. मुंबईहून 1996 मध्ये सुरू झालेले 'रेडिफ' हे त्यांतले ठळक नाव. आता कोणी '.इन' च्या साठवलेल्या पानांचा आलेख काढला तर 2005 नंतर तो एकदम उसळी घेईल, आणि भारतीय वेब त्या वर्षी जन्मले असे वाटेल. वास्तविक त्या वर्षी बदलला तो नोंदणीचा नियम. पहिली दहा वर्षे आलेखातून गळून पडतील, आणि तीच तर सर्वांत प्रयोगशील होती. '.वाययू' च्या जाळ्यात सर्बिया फुगून दिसतो, '.इन' च्या आलेखात 2005 फुगून दिसते. चूक एकाच जातीची आहे.

मराठी वेबचा विचार करू गेले की, हद्द आणखी अस्पष्ट होते. 1996 साली अमेरिकेतून सुरू झालेले 'मायबोली' कोणत्या देशाच्या वेबमध्ये धरायचे? सर्व्हर, चालक आणि आरंभीचे पुष्कळसे वाचक भारताबाहेरचे, भाषा मात्र मराठी. डेन्मार्कच्या व्याख्येने ते आपले ठरेल, निव्वळ डोमेनच्या व्याख्येने नाही. त्याहून बिकट गोष्ट लिपीची आहे. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठी संकेतस्थळे 'शिवाजी', 'श्रीलिपी' यांसारख्या फाँटांत किंवा त्या त्या वर्तमानपत्राच्या खास फाँटात लिहिली जात. संगणकाच्या लेखी त्या फाइलींत रोमन अक्षरे आणि चिन्हेच असत. फाँट जवळ असला तरच त्यांची देवनागरी होई. काही संकेतस्थळे पानाबरोबर फाँटही आपोआप पाठवीत, पण ती तंत्रे आजच्या ब्राउझरांनी सोडून दिली आहेत. परिणामी जतन झालेले पानही उघडले की कंस, टिंबे आणि रोमन अक्षरे यांची खिचडी दिसते. शोधयंत्राला तर त्यात मराठी सापडतच नाही. युनिकोडमधला मराठी शब्द घालून नव्वदीच्या दशकातली पाने शोधणाऱ्याला जवळजवळ काहीच मिळणार नाही, आणि त्या काळी वेबवर मराठी नव्हतीच असा समज होईल. पाने आहेत, वाचायची किल्ली हरवली आहे. जुन्या फाँटांचे अक्षरकोष जमवून त्या पानांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे हे मराठी वेबच्या इतिहासाचे पहिले काम आहे, आणि मोडी वाचायला शिकण्याइतकेच ते मूलभूत आहे. हे काम सॅन फ्रान्सिस्को किंवा लंडन आपल्यासाठी करणार नाही.

मग जबाबदारी कोणाची? 1954 च्या कायद्याने भारतातल्या प्रत्येक प्रकाशकाने पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ग्रंथालयांना द्यायची असते. 1956 मध्ये त्यात वर्तमानपत्रे आली. वेबपानांचा उल्लेख त्यात नाही. याआधी 1867 च्या कायद्याने मुंबई इलाख्यात छापलेल्या पुस्तकांच्या तिमाही याद्या निघू लागल्या होत्या. देशी छपाईवर नजर ठेवणे हा त्यामागचा एक हेतू होता. पण त्याच याद्या आज एकोणिसाव्या शतकातल्या मराठी मुद्रणाच्या इतिहासाचा पाया मानल्या जातात. आणि जिथे सरकार कमी पडले तिथे शंकर गणेश दाते यांच्यासारख्या एका माणसाने 1800 ते 1950 या दीडशे वर्षांतल्या मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली. वेबसाठी आपल्याकडे ठेवीचा कायदा नाही आणि दात्यांची सूचीही नाही. बेन-डेव्हिड यांचे काम चार याद्यांमुळे शक्य झाले हे लक्षात घेतले तर त्यातली दुसरी उणीव अधिक तातडीची ठरते. कायदा यायचा तेव्हा येईल; पत्त्यांची यादी विद्यापीठांचे मराठी विभाग, ग्रंथालये आणि साहित्यसंस्था आज करू शकतात.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो हलक्याने घेऊ नये. वेबवर लिहिणाऱ्या कोट्यवधी लोकांनी इतिहासासाठी लिहिले नव्हते. तरुणपणी लिहिलेले काही पुसून टाकायचा त्यांना हक्क नाही काय? आणि राज्यसंस्थेच्या हाती सगळ्यांचे लिहिलेले कायमचे देणे शहाणपणाचे आहे काय? जानेवारी 2004 मध्ये सुरू झालेले 'ऑर्कुट' भारतात घरोघरी पोहोचले आणि 30 सप्टेंबर 2014 रोजी बंद झाले. एका पिढीचा सार्वजनिक वावर त्याबरोबर गेला, याची हळहळ इतिहासकाराला वाटेल. ज्यांचे लिहिलेले गेले त्यांतल्या अनेकांना सुटल्यासारखेही वाटले असेल. यावर दोन्ही बाजूंना पुरे पडेल असे उत्तर नाही, पण जतन करणे आणि उघडे करणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात. खासगी माहितीच्या भीतीने डेन्मार्कने आपला संग्रह फक्त अर्ज केलेल्या संशोधकांसाठी ठेवला आहे. ब्रिटनमध्ये ठेवीतली बहुतांश पाने ग्रंथालयाच्या वाचनकक्षातच पाहण्याची मुभा आहे. याची किंमत अशी की, सामान्य वाचक आपल्याच देशाच्या संग्रहाला मुकतो. ती कोणत्या साहित्यासाठी मोजायची, हे ठरवताना सरकारी संकेतस्थळ, वर्तमानपत्र आणि एखाद्या विद्यार्थ्याची रोजनिशी यांना एकच माप लावण्याचे कारण नाही.

चौथा आक्षेप मर्यादेचा आहे, आणि तो मान्यच करायला हवा. वेब म्हणजे इंटरनेट नव्हे. ईमेल, गप्पांच्या खोल्या, सायबर कॅफेतला वावर यांतले फार थोडे वेब-संग्रहात उतरते. भारतात स्वस्त मोबाइल डेटामुळे, विशेषतः 2016 मध्ये जिओ आल्यानंतर, जे कोट्यवधी लोक ऑनलाइन आले त्यांचे इंटरनेट व्हॉट्सअ‍ॅप आणि व्हिडिओ यांचे आहे. क्रॉलरला तिथे दार नाही. त्यामुळे देशाच्या इंटरनेटची मधली पंधरा-वीस वर्षे या साधनाने चांगली वाचता येतील. आधीची आणि नंतरची वाचायला दुसरी साधने लागतील. पण साधनाला मर्यादा आहे म्हणून ते टाकायचे नसते. ज्या काळासाठी ते उपयोगी आहे त्या काळाची पानेच झपाट्याने नाहीशी होत आहेत. अमेरिकेतल्या प्यू संस्थेने 2024 मध्ये केलेल्या पाहणीत 2013 साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी 38 टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती.

संग्रहही अजिंक्य नाहीत. ऑक्टोबर 2023 मधल्या सायबर हल्ल्याने ब्रिटिश लायब्ररीच्या सेवा कोलमडल्या आणि ब्रिटनचा वेब-संग्रह दीर्घकाळ वाचकांना बंद झाला. ऑक्टोबर 2024 मध्ये इंटरनेट अर्काइव्हवरही हल्ला होऊन वेबॅक मशीन काही दिवस थांबले. ज्या देशाची साठवलेली पाने प्रामुख्याने एकाच परदेशी, देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेत आहेत त्याने यातून घ्यायचा बोध उघड आहे. या विषयात शिरणाऱ्या वाचकाला एवढेच सुचवायचे आहे: साठवलेले प्रत्येक पान समोर आले की, ते काय सांगते हे विचारण्याआधी ते इथवर कसे आले हे विचारावे. ते कोणत्या यादीत होते? कोणत्या हद्दीत धरले गेले? कोणत्या दिवशी उतरले? त्याच्या शेजारचे पान का नाही? ही उत्तरे मिळाली तर अर्धामुर्धा संग्रहही भक्कम पुरावा ठरतो. ती न शोधता काढलेले आलेख कितीही देखणे असले तरी त्यांतून आपल्याला देशाऐवजी क्रॉलरचाच इतिहास कळतो. मराठी वेबच्या बाबतीत ही उत्तरे देऊ शकणारी माणसे, म्हणजे ती संकेतस्थळे उभारणारे, ते फाँट बनवणारे, ती पाने रोज चढवणारे, अजून आपल्यात आहेत. त्यांच्याकडून पत्ते, फाँट आणि नोंदी मिळवण्याचे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही.